कारभार कसा सोपवावा
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामातील व्यापारी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)

दुकानदार, कारागीर, मांडववाले, बेकरीवाले, बागायतदार व नाखवे बंधूंनो, आणि गल्ल्यावर बसून हिशेब सांभाळणाऱ्या भगिनींनो,

ज्युबिलीच्या व्याख्यानांत धर्मगुरूने व्यापारावर बोलावे हे काहींस विचित्र वाटेल. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर आम्हांस स्पष्टच विचारले, "फादर, तुम्ही कधी दुकान चालविले आहे काय?" नाही चालविले. परंतु दुकान चालविणाऱ्यांच्या घरी आमचे जाणेयेणे आहे. त्यांच्या आजारपणात आम्ही त्यांच्या उशाशी बसतो, त्यांच्या मुलांची लग्ने लावतो, आणि बापलेकांचे बिनसले म्हणजे अपरात्री बोलावणे येते ते आम्हांसच. ह्या भांडणांपैकी पैशासाठी झालेली फार थोडी. बहुतेक किल्लीसाठी झालेली. गल्ल्याची किल्ली, गोदामाची किल्ली, बँकेतील सहीचा अधिकार, ही सारी एकाच जातीची. तिच्याविषयीच आज बोलावयाचे आहे. प्राचीन इस्राएलात ज्युबिलीच्या पन्नासाव्या वर्षी विकलेली शेते मूळ कुळांकडे परत जावीत असा नियम होता, म्हणजे ज्युबिली हे हातात धरलेले सोडण्याचेच वर्ष होय. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आमच्या व्यापारी बंधूंस कोणी म्हटले की, तुम्ही कोणावर काही सोपवीत नाही, तर त्यांस राग येतो. ते म्हणतात, "सोपवीत नाही कसे? दहा माणसे कामास आहेत, मुलगा सकाळी सातपासून उभा असतो." खरे आहे. काम सोपविलेले असते. निर्णय सोपविलेला नसतो. एका महिनामिस्सेच्या वेळी आमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या मांडववाल्याचा मोबाईल सहा वेळा थरथरला व सहाही वेळा तो गृहस्थ उठून व्हरांड्यात गेला. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की पलीकडच्या गावी लग्नाचा मांडव उभा राहत होता, आणि त्याचा वीस वर्षांचा जुना कारागीर विचारीत होता: खुर्च्यांस पांढरे अभ्रे घालावयाचे की मोतिया? जनरेटर डावीकडे की उजवीकडे? ज्या माणसाने हजार मांडव घातले त्यास जनरेटर कोठे ठेवावा हे कळत नाही काय? कळते. परंतु पूर्वी कधीतरी आपल्या बुद्धीने ठेवला असता चारचौघांत बोलणी खावी लागली, तेव्हापासून त्याने बुद्धी घरी ठेवून यावयाची सवय लावून घेतली आहे. अशा धन्यास दहा माणसांची मदत आहे असे आपण म्हणतो. वास्तविक त्यास वीस हात अधिक लाभले आहेत, डोके एकच राहिले आहे.

एकच डोके असले म्हणजे काय होते ते आम्ही एका रुग्णालयात पाहिले. किराणा मालाच्या एका जुन्या दुकानाचे मालक हृदयविकाराने खाटेवर पडले होते. डॉक्टरांनी बोलण्यास मनाई केलेली; आणि हे गृहस्थ बेचाळीस वर्षांच्या मुलास जवळ बोलावून, श्वास लागत असता, कोणाकडे किती उधारी आहे, कोणा घाऊक व्यापाऱ्याचे किती देणे आहे, कोणास तोंडी काय कबूल केले आहे, हे वहीत लिहवून घेत होते. मुलगा लिहीत होता व रडत होता. बापाच्या आजाराचे दुःख तर होतेच, पण बाहेर व्हरांड्यात तो आम्हांस म्हणाला, "फादर, अठरा वर्षे मी त्या दुकानात उभा आहे आणि आज पहिल्यांदा मला आमच्या दुकानाचे देणे किती ते समजले." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. अठरा वर्षे हा तरुणपणाचा सारा काळ होय. तो काळ त्या मुलाने धन्याच्या घरात नोकरासारखा काढला, आणि धनी त्याचाच बाप होता, व त्याच्यावर जीव टाकणारा होता.

आता कोणी म्हणेल की, जोखीम ज्याची त्यानेच निर्णय घ्यावा हा व्यवहारच आहे. ह्यास उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. होडी नाखव्याची, जाळी नाखव्याची, डिझेल व बर्फ नाखव्याच्या पैशाचे. परंतु नाखवा स्वतः होडीवर जात नसेल तर बंदर सोडल्याक्षणी हुकूम तांडेलाचा. डोल कोठे लावावयाची, उधाणाच्या ओढीत किती थांबावयाचे, पाणी थबकले की जाळे केव्हा उचलावयाचे, वारा फिरला तर धंदा टाकून परत यावयाचे की नाही, हे सर्व तो ठरवितो. बुडाले तर कोणाचे बुडेल? नाखव्याचे. तरीही किनाऱ्यावर बसून जाळे उचलण्याचा हुकूम देता येत नाही, कारण पाणी त्याच्या डोळ्यांसमोर नाही. हल्ली होडीवर वायरलेस असतो, दिशा दाखविणारे यंत्र असते; नाखव्याने मनात आणले तर घटकेघटकेस विचारपूस करता येईल. शहाणा नाखवा करीत नाही. तो तांडेल निवडताना डोळ्यांत तेल घालून निवडतो, होडी परत आली म्हणजे खर्च वजा घालून हिशेब चोख करतो, आणि मधल्या वेळात गप्प राहतो. पुढे मासळी विकण्याचा कारभार तर त्याच्या घरची बाई पाहते. भाव काय घ्यावा हे तिला कोणी शिकवावयास जात नाही, आणि गेलाच तर त्याची धडगत नसते! बाजारातील व्यापारी बंधूंनी हे शास्त्र बंदरावर जाऊन शिकून यावे असे आम्हांस पुष्कळदा वाटले आहे.

पवित्र शास्त्रातील मोशे व त्याचा सासरा इथ्रो ह्यांची कथा आपण ऐकली आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसे व लोक उभे राहून थकत. सासऱ्याने एक दिवस नुसते पाहिले आणि मग जावयास सुनावले की, अशाने तूही झिजशील व लोकही झिजतील. त्याच्या सांगण्यावरून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमले गेले. ही कथा सांगताना एक बारकावा बहुधा सुटतो. लहान प्रकरणांचा निकाल त्या नायकांनी स्वतः द्यावयाचा होता. निकाल लिहून मोशेच्या संमतीस पाठवावयाचा नव्हता. केवळ अवघड प्रकरण तेवढे वर यावयाचे. दुसरे असे की, आधी मोशेने सर्वांस नियम शिकवावे हेही इथ्रोने सांगितले होते. नियम न शिकविता सोपविणे म्हणजे मुलास पाण्यात ढकलणे होय. आणि जाता जाता सांगतो, एवढा सल्ला देऊन इथ्रो आपल्या देशी परत गेला. सल्ला देऊन तेथेच मुक्काम ठोकणारे सासरे आपणांस ठाऊक आहेत.

आता धंद्याच्याच जगातील दोन घरे पाहू. एक अमेरिकेतील, एक महाराष्ट्रातील.

हेन्री फोर्ड ह्यांनी 1903 साली डेट्रॉइट येथे मोटारींची कंपनी काढली व 1908 साली 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आणून सामान्य माणसास मोटारीत बसविले. त्यांच्या कर्तबगारीविषयी कोणास शंका नाही. 1919 साली त्यांनी आपला एकुलता पुत्र एड्सेल ह्यास कंपनीचा अध्यक्ष केले. पाटी बदलली, किल्ली बदलली नाही. पुत्राने ठरवावे व पित्याने फिरवावे, असे वर्षानुवर्षे चालले. जुनी गाडी बदलली पाहिजे हे एड्सेल ओळखून होता, पण पित्याने 1927 पर्यंत तिचाच हट्ट धरला. आणि शेवटी बंद करावी लागली तेव्हा नवी गाडी तयार नसल्यामुळे कारखाने महिनोन्महिने थंड पडले. द्रवदाबाचे ब्रेक घालावेत असे पुत्राचे म्हणणे. शेव्हरोलेने ते 1936 साली घातले, फोर्डच्या गाड्यांत ते 1939 साली आले. दरम्यान विल्यम नड्सेन नावाचा कारखाना चालविण्यात निष्णात असा गृहस्थ फोर्ड ह्यांच्या ह्याच स्वभावास कंटाळून 1921 साली सोडून गेला. तो जनरल मोटर्समध्ये दाखल झाला व तेथे शेव्हरोलेचा प्रमुख बनला. त्या कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन ह्यांची पद्धत उलट होती: प्रत्येक जातीच्या गाडीचा कारभार एकेका प्रमुखाकडे, आणि वर फक्त पैशाचा व धोरणाचा हिशेब. 1927 साली शेव्हरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. आपण ज्यास किल्ली देत नाही तो कर्तबगार माणूस शेजारच्या दुकानात जाऊन उभा राहतो, हे ध्यानात असू द्यावे.

पण आम्हांस त्या कथेत मोटारींपेक्षा एड्सेलचे अधिक वाईट वाटते. 1943 साली तो पोटाच्या कर्करोगाने वारला; वय एकोणपन्नास. चोवीस वर्षे तो अध्यक्ष म्हणविला गेला. त्याच्यामागून एकोणऐंशी वर्षांचे वृद्ध हेन्री पुन्हा खुर्चीवर बसले आणि कंपनीची घडी अधिकच विसकटत गेली. अखेर 1945 साली कारभार नातवाकडे आला, तोही सहजासहजी नव्हे. एड्सेलच्या विधवा पत्नीने आपले शेअर विकून टाकण्याची धमकी दिली तेव्हा, असे चरित्रकार सांगतात. त्या नातवाचे वय त्या वेळी अठ्ठावीस होते, आणि त्याने कंपनी सावरली. अठ्ठावीस वर्षांच्या मुलास काय कळते, असे म्हणणारे बाप ह्या सभागृहात बसले आहेत. त्यांची नावे आम्ही घेणार नाही.

दुसरे घर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. जन्म 1869. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (तेथेही ज्युबिलीच!) शिकवीत असता ते सायकली घेऊन बेळगावास पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या तेथे विकीत. पुढे बेळगावास लोखंडी नांगरांचा उद्योग उभा राहिला. जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने 1910 साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना व वसाहत वसली; तीच किर्लोस्करवाडी. ह्या माळावर लक्ष्मणरावांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. वसाहतीचा सारा कारभार रामूअण्णांकडे, यंत्रांचे काम शंभोराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेगे ह्यांच्याकडे. स्वतः लक्ष्मणराव आपल्या आवडीच्या कामात, म्हणजे नवे अवजार घडविण्यात, गढून राहावयास मोकळे झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे ठेविली. ज्याच्यावर गावाने विश्वास टाकावयाचे सोडून दिले त्याच्याच हाती वसाहतीची राखण! आमच्यातील किती जण आपल्या सख्ख्या मुलाच्या हाती शटरची किल्ली देतात?

पुतणे शंकरराव चित्रकलेचे व लेखणीचे प्रेमी होते. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे म्हणून त्यांस भट्टीपाशी उभे करता आले असते. तसे झाले नाही. कारखान्याच्या वार्ता गिऱ्हाइकांस कळविण्यासाठी 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, 1930 साली 'स्त्री' व 1934 साली 'मनोहर' ही भावंडे जन्मली, आणि आपल्या आजीआजोबांच्या पिढीस त्या मासिकांनी वाचावयास शिकविले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकून 1926 साली परत आले. 1946 साली पुण्यास तेल इंजिनांचा कारखाना त्यांच्या हातून उभा राहिला व त्याच वर्षी बंगळुरास विजेच्या यंत्रांचा. लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले. पुत्राचे कर्तृत्व त्यांस डोळ्यांनी दहा वर्षे पाहावयास मिळाले. हेन्री फोर्ड ह्यांस संपत्ती पुष्कळ मिळाली, हे सुख मात्र मिळाले नाही.

आता हे करावयाचे कसे, असे विचाराल. आम्ही जे पाहिले व जाणत्यांकडून ऐकले ते सांगतो.

एक आठवडा खिशात कागद बाळगावा व जो जो प्रश्न विचारावयास लोक येतात तो टिपावा. जो प्रश्न तीनदा आला तो सोपविण्यास योग्य झाला असे समजावे. सोपविताना तुकडे देऊ नयेत, एक विषय अखंड द्यावा. बेकरीवाल्याने मुलास "आज मैद्याच्या दोन गोणी घेऊन ये" असे सांगणे म्हणजे निरोप पोचविणे झाले, "मैदा, साखर व वनस्पती ह्यांची खरेदी आजपासून तुझी, कोणाकडून, कोणत्या भावाने, केव्हा, हे तू ठरव" हे सोपविणे झाले. त्याबरोबर रकमेची मर्यादा बोलून द्यावी: अमुक रुपयांपर्यंत मला विचारावयाचे नाही. हा शेवटचा शब्द फार महत्त्वाचा आहे. "विचारले नाहीस तरी चालेल" असे म्हटल्यास तो विचारीत राहील. "विचारावयाचे नाही" असे म्हटले पाहिजे. आणि हिशेबाचा एक वार ठरवावा, शनिवार म्हणा. शनिवारी पैन् पै विचारावी. सोमवारी, मंगळवारी वहीत डोकावू नये.

तो चुकेल. चुकणारच. पहिल्या वर्षी किती नुकसान सोसता येईल तो आकडा आपण आधीच मनाशी ठरवून बाजूस ठेवावा, व त्यास शिकवणीची फी म्हणावी. इंजिनिअरिंग कॉलेजास लाखांनी भरतोच की.

सर्वांत कठीण परीक्षा गिऱ्हाइकांपुढे असते. जुना गिऱ्हाईक मुलास टाळून थेट आतल्या खुर्चीपाशी येतो व म्हणतो, "शेठ, तुम्ही सांगा बुवा, हा पोरगा काही कमी करीत नाही." त्या क्षणी शेठजींनी दहा रुपये कमी केले तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. "तो सांगेल तो भाव" एवढे चार शब्द तोंडातून निघणे म्हणजे एका उपवासाचे पुण्य आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. सह्या केलेले कोरे चेक ड्रॉवरमध्ये ठेवून जाणे ह्यास काही जण विश्वास म्हणतात. तो विश्वास नव्हे, आळस होय. त्याने दुसऱ्यास अधिकार मिळत नाही, मोह मात्र मिळतो. आणि काही घडले म्हणजे गरीब नोकर पोलिसांच्या दारी जातो. अधिकार द्यावयाचा तर बँकेत जाऊन त्याच्या नावाने, लेखी, मर्यादेसह द्यावा. तसेच काही गोष्टी सोपविल्या तरी अंगावरून उतरत नाहीत. जीएसटीचे विवरण हिशेबनिसाने भरले तरी जबाबदार धंद्याचा मालकच. मुलाने चुकून कमी वजन दिले तरी पाटीवर नाव तुमचेच. नोकरांचा पगार वेळेवर जातो की नाही हेही आम्ही दुसऱ्यावर सोडणार नाही.

आणि भगिनींविषयी. ह्या धर्मग्रामात कित्येक दुकाने अशी आहेत की ज्यांच्या उधारीची खडान् खडा माहिती घरच्या बाईस आहे, वसुलीस तीच जाते, भिशीही तीच सांभाळते. आणि भागीदारीच्या कागदावर, बँकेच्या खात्यावर, परवान्यावर तिचे नाव कोठेच नाही. तिच्यावर काम सोपवून तीस वर्षे झाली. किल्लीही तिच्या कमरेस आहे. अधिकार मात्र कागदावर नवऱ्याचा. नवरा गेल्यावर ती बँकेच्या खिडकीपाशी उभी राहते तेव्हा जो अपमान होतो, तो आम्ही तिच्याबरोबर उभे राहून पाहिला आहे. ह्यात कायद्याची अडचण नाही. एक दिवस वकिलाकडे जाण्याचीच काय ती अडचण आहे.

पोप अकरावे पायस ह्यांनी 1931 साली 'क्वाद्राजेझिमो आन्नो' ह्या परिपत्रकात असे प्रतिपादिले की, लहान मंडळास जे स्वतः पार पाडता येते ते त्याच्याकडून काढून मोठ्याने आपल्या हाती घेणे हा अन्याय होय. ते राज्य व समाज ह्यांविषयी बोलत होते. दुकान त्यांच्या डोळ्यांपुढे नसावे. तरी आम्ही ते वचन दुकानास लावण्याचे धाडस करतो, ते त्यातील 'अन्याय' ह्या शब्दासाठी. निर्णय आपल्याच मुठीत ठेविणाऱ्या मालकास आपण गैरसोयीचा म्हणतो, हट्टी म्हणतो, फार तर जुन्या वळणाचा म्हणतो. तो आपल्या माणसांचे काही हिरावून घेत आहे असे कोणी म्हणत नाही. त्या किराणा दुकानातील मुलाची अठरा वर्षे कोणी घेतली? चोरी झाली असती तर तक्रार नोंदविता आली असती.

वडील मंडळींच्या मनात भीती असते, ती आम्ही जाणतो. किल्ली दिली म्हणजे आपली किंमत गेली. उद्या दुकानात गेलो तर खुर्ची देतील की नाही. ही भीती खोटी नाही. अशी घरेही आम्ही पाहिली आहेत जेथे सारे नावावर होताच बापाच्या चहात साखर कमी पडू लागली. म्हणून तरुणांस सांगणे आहे की, ज्या दिवशी किल्ली हाती येईल त्या दिवसापासून शनिवारचा हिशेब तुम्ही होऊन घेऊन जा. बोलावण्याची वाट पाहू नका. आणि सल्ला विचारा, गरज नसली तरी. तांडेल होडीतून उतरल्यावर आधी नाखव्याकडे जातो, मग घरी.

बराच वेळ घेतला. आता प्रश्न विचारावयाचे असतील ते विचारा. मात्र आज क्रम उलटा ठेवू: मुलांनी व सुनांनी आधी विचारावे, वडील मंडळींनी तोवर ऐकावे.